चोर सोडून कार्बोरेटरला फाशी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा चुलतभाऊ मोटारसायकलवरून पडला. खांद्याजवळचे हाड मोडले आणि सहा आठवडे त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. भेटायला येणारा प्रत्येकजण "नशिबाने वाचला" असे म्हणे आणि चहा पिऊन जाई. मी मात्र त्या खोलीत फार वेळ थांबत नसे. कारण दादा नशिबाने पडला नव्हता. बोटाच्या पेराएवढाही नसलेला पितळेचा एक तुकडा त्याला कारण होता, आणि तो तुकडा मी बसवलेला होता.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात कार्बोरेटरवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या वर्गातील एका मित्राने तर "हा लेख आयटीआयच्या अंकाला पाठव," असा सल्लाही दिला. पण जी चूक मी केली ती हाताची कमी आणि विचाराची जास्त होती. आणि विचार करणे हे अजून तरी कला शाखेच्या अभ्यासक्रमातून वगळलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे की, गाडी बंद पडली की आपल्याकडे पहिल्यांदा कार्बोरेटर उघडला जातो. तो सर्वांत शेवटी उघडला पाहिजे. "कार्बेटरमध्ये कचरा आलाय" हे वाक्य आपल्या गॅरेजांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, पूर्वीच्या काळी "बाहेरची बाधा झाली" असे म्हणत त्याचीच मला आठवण होते. एकदा हे वाक्य उच्चारले की पुढचा तपास थांबतो.

आता गाडीविषयी. दादाची गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात तयार होत असे. म्हणजे ती माझ्याहून तर मोठी आहेच, पण दादाहूनही थोडी मोठी आहे. दोन स्ट्रोकचे इंजिन, वजनाला हलकी, त्यामुळे चिखलमातीत पळवायला पोरांची फार आवडती. दादाने तिचे पुढचे मडगार्ड उंच केले, गाठींचे टायर घातले आणि आमच्या गावामागच्या माळावर तो ती उड्या मारत चालवू लागला. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात कशी चिकटते हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. ओढा ओलांडून घरी आले की गाडी आणि दादा दोघांनाही काकू आत येऊ देत नसे.

श्रावणाच्या सुमारास गाडीला एक खोड लागली. सकाळी एका किकमध्ये सुरू होई, दोनतीन किलोमीटर झकास जाई, आणि मग पेट्रोल संपल्यासारखी धापा टाकत बंद पडे. दहापंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. आणखी एक विचित्र गोष्ट दादानेच सांगितली होती: टाकी काठोकाठ भरली की ती लवकर बंद पडते, टाकी अर्धी असली की बरीच लांब जाते. "पेट्रोल भरलं की रुसते, काय बाई आहे का गाडी!" असे म्हणून आम्ही सारे हसलो. खरे तर तिथेच उत्तर होते. पण आम्ही पेट्रोलपंपावर संशय घेतला, पंप बदलला, आणि पुढे तालुक्याच्या गावी एका गॅरेजात गेलो.

मिस्त्रींनी दोन किका मारल्या, कान दिला आणि निदान केले, "कचरा." कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलने धुतला, कॉम्प्रेसरची हवा मारली, पुन्हा बसवला. टाकीचे झाकण उघडून आत किती पेट्रोल आहे ते पाहिले आणि गाडी सुरू करून दिली. गाडी फुरफुरत पळाली. आठ दिवसांनी तीच रड. पुन्हा गेलो, पुन्हा कचरा, पुन्हा सफाई, पुन्हा गाडी चालू. दोन वेळा इलाज केला आणि दोन्ही वेळा गुण आला, म्हणजे निदान बरोबरच असले पाहिजे, नाही का?

यंदा आम्हाला तर्कशास्त्र आहे. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण होते असे नव्हे, हे शिकवताना सरांनी काकतालीय न्याय सांगितला. घरी आपण "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली" म्हणतो तो. बाकावर बसून मला एकदम ते गॅरेज दिसू लागले. मिस्त्रींनी कार्बोरेटर धुतला हे खरे आणि गाडी सुरू झाली हेही खरे. पण त्या अर्ध्या तासात आणखीही एक गोष्ट झाली होती: टाकीचे झाकण उघडले गेले होते. तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

पण हे शहाणपण नंतरचे. तिसऱ्या वेळी पैसे वाचवावेत म्हणून मीच पुढे झालो. दोनदा जवळ उभा राहून पाहिले होते, त्यामुळे मला सारे येते असे मला वाटत होते. कार्बोरेटर उघडला. मेन जेटच्या भोकात काहीतरी अडकले आहे अशी शंका आली (आता वाटते, काहीच अडकले नव्हते) आणि मी जुन्या क्लच केबलची एक पोलादी तार काढून ती भोकातून चांगली पाचसहा वेळा फिरवली. जेट पितळेचा, तार पोलादाची. भोक किती मोठे झाले ते डोळ्यांना दिसले नाही, पण गाडीला कळले. काळा धूर, ओला प्लग, आणि रेस दिली की घुसमटणे. मग मी दुकानातून नवा जेट आणला. जेटवर त्याचा नंबर कोरलेला असतो. मी तो वाचला नाही. दुकानदार म्हणाले, "आरएक्सचाच आहे," आणि मी खिशात टाकला. तो मूळच्यापेक्षा लहान होता.

इथे थोडे थांबून कार्बोरेटर करतो काय ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. डासांवर औषध मारायचा जुना फ्लिटचा पंप पुष्कळांच्या घरी होता. दांडा दाबला की हवा वेगाने पुढे जाते आणि खालच्या डबीतले औषध नळीतून वर चढून तिच्यात मिसळते. कार्बोरेटरात तेच होते. फक्त तिथे हवा ढकलली जात नाही, इंजिन ती ओढून घेते. वाटेत गळा अरुंद असतो, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम त्या भोकाचे. भोक मोठे झाले तर पेट्रोल जास्त जाते, धूर होतो, प्लग काळा पडतो. नुकसान होते पण गाडी तुम्हाला तोंडावर सांगते. भोक लहान झाले तर ती काहीच सांगत नाही. उलट हलकी, चपळ लागते. आतमध्ये मात्र उष्णता वाढत जाते, पिस्टन फुगतो, आणि एका क्षणी सिलिंडरला धरून बसतो. याला सीझ होणे म्हणतात. पिस्टन थांबला की मागचे चाकही जागच्या जागी थांबते.

नव्या जेटवर गाडी पळू लागली तेव्हा घरात माझे कौतुक झाले. गाडी पेट्रोल कमी घेत होती म्हणून बंदही कमी पडत होती. म्हणजे माझ्या चुकीने मूळ दोष झाकला गेला होता. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी दादा माळाची लांब चढण पूर्ण रेस देऊन चढत होता. वर पोचण्याआधी मागचे चाक अडकले. मुरलेले स्वार अशा गाडीवर दोन बोटे सतत क्लचवर ठेवतात आणि इंजिन धरले की लगेच क्लच दाबतात. दादाला तेवढा वेळ मिळाला नाही.

खरा दोष सापडला तो काकूमुळे. पाडव्यानंतर मी गाडी अंगणात उभी करून टाकीतले पेट्रोल बाटलीत काढत होतो. (चूल विझली आहे ना, हे काकूने आधी जाऊन पाहिले.) नळी लावली, कॉक उघडला, धार छान लागली, मग बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. टाकीत तर पेट्रोल हिंदकळत होते. मी म्हणालो, "कॉकमध्येच कचरा आहे वाटतं." काकू पायरीवर गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "अरे, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार लागते का? वरनं वारं जाऊ दे की." मी झाकण फिरवले. सुस्स असा आवाज झाला आणि खाली बाटलीत भडाभडा धार सुरू झाली.

टाकीच्या झाकणात हवा आत जाण्यासाठी एक बारीक वाट असते. पेट्रोल जितके खाली जाईल तितकी हवा वरून आत आली पाहिजे. आमच्या झाकणातील ती वाट वाळलेल्या चिखलाने बुजली होती. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसे आणि पेट्रोल थांबे. टाकी अर्धी असली की जास्त वेळ लागे. दादाचे रुसण्याचे कोडे असे सुटले. सुईने ती माती काढायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. गोडेतेलाच्या डब्याला दोन भोके पाडावी लागतात हे काकूला आयुष्यभर ठाऊक होते. तिला कोणी गाडीविषयी विचारले नव्हते इतकेच.

मिस्त्रींना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. त्यांनी जे केले त्याचे एक कारण आपण गिऱ्हाईक आहोत. समजा, त्यांनी पहिल्याच दिवशी पाच मिनिटे पाहून, सुईने माती काढून, "शंभर रुपये द्या," म्हटले असते, तर आम्ही दिले असते का? "नुसतं बघायचे शंभर रुपये?" असे दादाच म्हणाला असता आणि मी त्याला दुजोरा दिला असता. पण अर्धा तास नटबोल्ट खोलले, हात काळे केले, भाग पेट्रोलमध्ये धुतले, की आपण निमूटपणे पैसे काढतो. आपण खोलण्याचे पैसे देतो, ओळखण्याचे देत नाही. मग ओळखण्यात वेळ कोण घालवील?

इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांतील व्यतिरेक पद्धतीचे सार असे की, बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदला आणि फरक पडतो का पाहा. परीक्षेत या प्रश्नाला आम्ही ठरावीक उदाहरणे लिहितो. माझ्या मते मोटारसायकल हे त्याहून चांगले उदाहरण आहे. गाडी धापा टाकून थांबली? झाकण सैल करा आणि पुन्हा चालवून पाहा. एवढेच बदलायचे. फरक पडला तर उत्तर मिळाले. नाही पडला तर नळी काढून कॉकची धार पाहा. मग एअर फिल्टर. माळावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर महिन्यात विटेसारखा होतो, आणि फाटला असेल तर धूळ थेट आत जाते. मग प्लग काढून त्याचा रंग पाहा: कॉफीसारखा तपकिरी असला तर ठीक, काळा आणि ओला असला तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असला तर कमी. आमच्या त्या नव्या जेटवरचा प्लग पांढरा होता. मी तो काढून पाहिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

एक युक्ती मला फारच आवडते. रेसच्या मुठीवर चिकटपट्टी लावायची आणि शून्य, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करायच्या. गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते पाहायचे. पावाच्या आत अडखळत असेल तर पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचा संबंध. मधल्या भागात असेल तर निडलचा. पाऊणच्या पुढे असेल तर मेन जेटचा. कार्बोरेटर न उघडता त्याच्या पोटातले कळते. माळावर गाडी आडवी पडून मग सुरू होत नसेल, तर तो बहुधा बिघाडही नसतो. वाटीतले पेट्रोल सांडून इंजिनात गेलेले असते. कॉक बंद, चोक बंद, रेस पूर्ण उघडी आणि किका. माळावरची पोरे अशा वेळीही पाने काढून बसलेली मी पाहिली आहेत.

याचा अर्थ कार्बोरेटरमध्ये कचरा कधीच येत नाही असे मी म्हणत नाही. येतो, आणि हल्ली त्याला एक नवे कारणही आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी थोडे असेल तोवर ते मिसळून राहते, प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि कॉक तळातूनच ओढतो. शिवाय इथेनॉलला जळायला हवा पेट्रोलपेक्षा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर हे मिश्रण आधीच किंचित पातळ पडते. लहान जेट बसवण्याची चूक म्हणून आता अधिकच महागात जाते. आमच्या भागाला यात गंमत अशी की, हे इथेनॉल बरेचसे उसाचेच. गावातील एक आजोबा म्हणाले, "आपलाच ऊस आपल्याच गाडीत अडकला म्हण की." उसाला भाव मिळतो म्हणून आम्ही त्याला नावे ठेवत नाही, पण महिनाभर उभी राहणार असलेली गाडी वाटीतले पेट्रोल काढून टाकल्याशिवाय ठेवू नये, हे पंपावर कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. उडून गेलेल्या पेट्रोलमागे जो पिवळा चिकट थर राहतो त्याने पायलट जेटचे अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक भोक सहज बुजते.

तेव्हा खरोखरच उघडायची वेळ आली तर घाई नको. वाटीतले पेट्रोल आधी काचेच्या ग्लासात घ्यावे. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते. जपानी गाड्यांच्या स्क्रूंची डोकी फार लवकर झिजतात, म्हणून पेचकस आधी दाबायचा, मग फिरवायचा. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हळूच पूर्ण आत फिरवून किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवायचे; पुन्हा बसवताना तितकेच बाहेर. फवाऱ्याचा क्लीनर मारण्यापूर्वी सगळे रबरी भाग बाजूला, नाहीतर ते फुगतात. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे आणि गाडी ओव्हरफ्लो होणारच. जेट क्लीनरमध्ये भिजत घालावेत, हवा मारावी, उजेडाकडे धरून पूर्ण गोल प्रकाश दिसतो का पाहावे. दिसला नाही तर पुन्हा भिजवावेत, हवे तर रात्रभर. आणि तार घालू नये. फारच अडले तर नायलॉनचा धागा चालेल. नवा जेट घेताना जुना सोबत न्यावा आणि दोघांवरचे आकडे स्वतः वाचावेत.

कुणी म्हणेल, १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम आले, नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे, मग या जुन्या भांड्याची चर्चा कशाला? पण आमच्या गल्लीत नवी गाडी दोघांकडेच आहे. दूधवाल्याची, पोस्टमनकाकांची, ऊसतोडीच्या मुकादमाची, साऱ्यांच्या गाड्या कार्बोरेटरच्या आहेत आणि अजून दहा वर्षे तरी तशाच राहतील. शिवाय इंजेक्शनच्या गाडीच्या झाकणातही चिखल जाऊ शकतो.

दादाला मी सारे सांगितले ते त्याचा हात सुटल्यावर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जेटचा नंबर काय होता?" मी सांगितला. "आणि मूळचा?" तोही सांगितला. "मग वाचता येत होतं की तुला," एवढेच तो म्हणाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तो दहावीला थांबला. त्यानंतर त्याने तो विषय काढलेला नाही.

सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला आहे. योग्य नंबरचा जेट मी स्वतः जाऊन आणला. मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत, आणि माळावर निघण्यापूर्वी दादा झाकणाच्या भोकावर अंगठा ठेवून फुंकर मारून पाहतो. बोअरिंगचे निम्मे पैसे मी 'कमवा आणि शिका' योजनेतून फेडतो आहे. अजून दोन महिन्यांचे राहिले आहेत.